सीपॅप मशीन लागली म्हणजे आपण संपलो का? स्लीप ॲप्निया आणि मनाची तयारी

आमच्या अभ्यासवर्गातला एक कार्यकर्ता बैठकीत हमखास डुलक्या घ्यायचा. वय ३६. विषय कितीही गंभीर असो, पंधरा मिनिटांत त्याची मान खाली जायची. सुरुवातीला आम्ही हसायचो. "उठा, ठराव मंजूर झाला," असे कुणीतरी म्हणायचे आणि बैठक पुढे चालायची. हळूहळू हसण्याचे टोमणे झाले. याला आता चळवळीत रस उरलेला नाही, असे आम्ही त्याच्या पाठीमागे बोलू लागलो. एका रात्री बैठकीहून परतताना दुचाकी चालवता चालवताच त्याचा डोळा लागला आणि गाडी दुभाजकाला घासत गेली. जिवावरचे शेपटावर निभावले.

त्यानंतर झोपेची तपासणी झाली. झोपेत त्याचा श्वास तासाला ३८ वेळा अडत होता. डॉक्टरांनी सीपॅप मशीन वापरायला सांगितली. मशीन घरी आली, पण पुढचे पंधरा दिवस ती खोक्यातच पडून राहिली. "या वयात नाकाला नळी लावून झोपायचे? त्यापेक्षा आहे ते बरे," हे त्याचे उत्तर होते.

आम्हाला दोन गोष्टींची लाज वाटली. एक म्हणजे आजाराला आम्ही आळस समजलो. दुसरी म्हणजे उपचार सुरू करताना त्याच्या मनात काय चालले असेल, हे आम्ही विचारलेच नाही. आपल्या वस्त्यांमध्ये रात्रपाळी करणारे सुरक्षारक्षक, रिक्षा आणि ट्रक चालवणारे, पहाटे झाडलोट करणारे, दिवसभर राबून रात्री संघटनेचे काम करणारे कितीतरी लोक आहेत. त्यांच्या थकव्याला आपण "कामाचा ताण" म्हणून मोकळे होतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या.

झोपेत नेमके काय घडते?

आपण झोपलो की शरीराचे स्नायू सैल पडतात. घशाचे स्नायूही सैल पडतात. काही जणांमध्ये जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे सरकून श्वासाची वाट अरुंद होते. हवा त्या अरुंद वाटेतून जाताना जो आवाज होतो, ते घोरणे. वाट पूर्ण बंद झाली की श्वास थांबतो. छाती-पोट श्वास घेण्यासाठी धडपडत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू कमी होतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस क्षणभर अर्धवट जागा होतो, मोठा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही.

श्वास किमान १० सेकंद थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. तासाभरात श्वास किती वेळा थांबतो किंवा अपुरा पडतो, याची सरासरी काढली जाते. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम, ३० किंवा त्याहून अधिक म्हणजे तीव्र. आमच्या मित्राचा आकडा ३८. सात तासांच्या झोपेत सुमारे २६६ वेळा. दर दीड मिनिटाला कुणीतरी खांदा धरून हलवत असेल, तर तो माणूस दुसऱ्या दिवशी बैठकीत झोपणार नाही तर काय करणार?

सकाळी डोके जड असणे, घसा कोरडा पडणे, रात्री लघवीसाठी पुन्हा पुन्हा उठावे लागणे, दिवसा पेंग येणे, विसराळूपणा, चिडचिड, उदासपणा ही याची लक्षणे. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता यांच्याशीही या आजाराचे नाते आहे. स्त्रियांमध्ये तो अनेकदा ओळखलाच जात नाही, कारण त्या घोरण्याची नव्हे तर थकव्याची आणि झोप न लागण्याची तक्रार करतात आणि घरचे म्हणतात, "बायकांना कामाचा थकवा असतोच." हा आजार फक्त लठ्ठ माणसांचाही नाही. जबड्याची ठेवण लहान असेल तर सडपातळ माणसालाही तो होतो.

२०१९ साली 'द लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन' या नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार जगात ३० ते ६९ वयोगटातील सुमारे ९४ कोटी लोकांना हा आजार कमी-अधिक प्रमाणात आहे. आपल्याकडे अनेकांनी याचे नाव पहिल्यांदा ऐकले ते फेब्रुवारी २०२२ मध्ये, संगीतकार बप्पी लाहिरी यांचे निधन झाले तेव्हा. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी या आजाराचा उल्लेख केला होता.

मशीन काय करते आणि काय करत नाही?

ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली या उपचाराची पहिली माहिती 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा पाच रुग्णांवर तो वापरला होता. कल्पना अगदी साधी होती. नाकावाटे हवेचा हलका, सततचा दाब दिला तर घशाची वाट मिटणार नाही. पडायला आलेल्या मांडवाला आपण जसा टेकू देतो, तसा हा हवेचा टेकू.

इथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. सीपॅप म्हणजे व्हेंटिलेटर नव्हे आणि ऑक्सिजनचे सिलिंडरही नव्हे. ती खोलीतलीच हवा गाळून, थोड्या दाबाने पुढे पाठवते. श्वास आपला आपणच घेतो आणि आपणच सोडतो. मशीन फक्त वाट उघडी ठेवते.

मन का नाकारते?

आमच्या मित्राशी बोलताना आणि नंतर इतर काही जणांशी बोलताना आम्हाला चार गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकू आल्या.

पहिली, कोविडची आठवण. २०२० आणि २०२१ मध्ये मास्क, नळी आणि बायपॅप हे शब्द ज्या घरांनी अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर ऐकले, त्या घरांसाठी मास्क म्हणजे उपचार नाही, तो शेवट आहे. आमच्या मित्राच्या आईने मुलाला पहिल्यांदा मास्क लावलेला पाहिला आणि ती खोलीबाहेर निघून गेली. तिचा धाकटा भाऊ तसाच गेला होता. अशा वेळी "काही होत नाही" म्हणून चालत नाही. मशीन हातात देऊन, हवा तळहातावर घेऊ देऊन, दोन्हींतला फरक शांतपणे सांगावा लागतो.

दुसरी, लाज. लग्न ठरायचे आहे, नुकतेच झाले आहे, वसतिगृहात चौघांत राहतो आहे. अशा तरुणाला वाटते की आपण आजारी दिसू, म्हातारे दिसू. सकाळी गालावर पट्ट्यांचे वळ राहतात. ते दिसले म्हणून जून २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडन यांना पत्रकारांनी प्रश्न विचारले आणि ते झोपेच्या आजारासाठी सीपॅप वापरतात, हे व्हाइट हाऊसने मोकळेपणाने सांगितले. चष्म्याचे वळ नाकावर राहतात म्हणून कुणी चष्मा सोडत नाही. ही गोष्टही तितकीच साधी आहे, फक्त डोळ्यांना सवय व्हायची आहे.

तिसरी, "एकदा सवय लागली की सुटणार नाही" ही भीती. मशीनचे व्यसन लागत नाही. मशीन काढली की श्वास पुन्हा अडतो, कारण आजार तिथेच असतो. चष्मा काढल्यावर धूसर दिसते, यात चष्म्याचा दोष नसतो. वजन कमी केल्याने, कुशीवर झोपल्याने, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळल्याने अनेकांचा त्रास कमी होतो. काहींची मशीन सुटतेही. पण ते पुन्हा तपासणी करून डॉक्टरांनी ठरवायचे असते, आपण परस्पर नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात खोल आहे. ती म्हणजे दुःख. आपले शरीर आता पूर्वीसारखे राहिले नाही, आयुष्यभर काहीतरी लावून झोपावे लागेल, याचे दुःख. अनेकांना राग येतो, स्वतःवरही आणि ज्यांनी इतकी वर्षे चेष्टा केली त्यांच्यावरही. हे दुःख खोटे नाही, त्याला वेळ दिला पाहिजे. पण हेही लक्षात घेऊ या की आपण गमावलेली गोष्ट, म्हणजे शांत झोप, मशीन येण्याच्या कितीतरी आधीच गेली होती. ती परत मिळावी म्हणूनच मशीन आली आहे.

पहिले काही आठवडे: एकेक पायरी

पहिल्याच रात्री आठ तास मास्क लावून गाढ झोप लागेल, ही अपेक्षा ठेवली तर निराशा ठरलेली. आमच्या मित्राने पहिल्या रात्री चाळीस मिनिटांत मास्क काढून फेकला. मग त्याने तंत्रज्ञाच्या सल्ल्याने वेगळा मार्ग धरला.

दिवसा, जागेपणी सुरुवात केली. दोन दिवस मशीन न जोडता मास्क नुसता हाताने नाकावर धरला. मग पट्ट्या बांधून बातम्या पाहिल्या. नंतर मशीन जोडून, खुर्चीत बसून वीस मिनिटे वाचन केले. पुढे दुपारच्या डुलकीला आणि शेवटी रात्री लावला. मेंदूला एकच गोष्ट पटवायची होती, की ही वस्तू धोक्याची नाही. भीतीवर हुकूम चालत नाही. ती सरावाने कमी होते.

दाब जास्त वाटत असेल तर बहुतेक मशीनमध्ये कमी दाबाने सुरू होऊन हळूहळू वाढण्याची सोय असते, ती सुरू करून घ्यावी. श्वास सोडताना अडथळा वाटत असेल तर त्यासाठीही वेगळी सोय असते. नाक-घसा कोरडा पडत असेल तर पाण्याची टाकी असलेला ह्युमिडिफायर उपयोगी पडतो. त्यात डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. पोटात हवा भरून फुगल्यासारखे वाटले तर सोसत बसू नये, डॉक्टरांना सांगावे. दाब बदलता येतो.

मास्क एकाच प्रकारचा नसतो. फक्त नाकपुड्यांशी बसणारा, नाक झाकणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा असे प्रकार आहेत. अनेक जण चुकीच्या मापाच्या मास्कमुळे उपचार सोडतात आणि दोष स्वतःला देतात. हवा गळते म्हणून पट्ट्या करकचून आवळू नयेत. त्याने कातडी सोलवटते आणि गळतीही थांबत नाही. दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही, हेही तंत्रज्ञाला दाखवावे. तक्रार करणे हा आपला हक्क आहे.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत जी सवय बसते, तीच पुढे टिकण्याची शक्यता जास्त असते, असे अभ्यास सांगतात. म्हणून या काळात माणसाला एकटे सोडू नये. रात्री किमान चार तास, असे एक माप वापराचा हिशेब ठेवताना धरले जाते. पण ते माप झाले, उद्दिष्ट नव्हे. पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत अनेकांचा श्वास जास्त अडतो. मध्यरात्री मास्क काढला तर नेमका तोच भाग उघडा पडतो.

एक प्रामाणिक गोष्टही सांगितली पाहिजे. २०१६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 'सेव्ह' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकार किंवा मेंदूतील रक्तवाहिन्यांचा विकार आधीपासून असलेले २,७०० हून अधिक रुग्ण त्यात होते, भारतातलेही होते. सीपॅपमुळे पुढचे हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. मात्र तिथे सरासरी वापर रात्री साडेतीन तासांहूनही कमी होता. त्याच अभ्यासात दिवसाची पेंग कमी झाली, मनःस्थिती सुधारली, जगण्याचा दर्जा सुधारला. म्हणजे मशीन जादू करत नाही. पण वापरली तर दिवस परत मिळतो. दिवस परत मिळणे ही लहान गोष्ट नाही.

गुदमरण्याची भीती आणि वीज गेली तर

"झोपेत वीज गेली आणि मास्क तोंडावरच राहिला तर?" हा प्रश्न आम्हाला जवळजवळ प्रत्येकाने विचारला. भारनियमन पाहिलेल्या माणसाला तो पडणारच. मास्कला हवा बाहेर जाण्यासाठी छिद्रे असतात. नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळे असते. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये हवेचा दाब थांबताच बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडते. शिवाय हवा थांबली की बहुतेक जण जागे होतात आणि मास्क एका हाताने काढता येतो. जागेपणी दोन-चार वेळा स्वतः स्विच बंद करून पाहिले की ही भीती निम्मी होते. इन्व्हर्टर असेल तर उत्तमच.

आपल्यापैकी अनेकांना आनापानाचा, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता पाहण्याचा सराव आहे. मास्क लावल्यावर पहिली काही मिनिटे तो सराव उपयोगी पडू शकतो. हवा आली, हवा गेली, एवढेच पाहायचे, तिच्याशी भांडायचे नाही. पण कुणी असे समजू नये की मन स्थिर केले की मशीनची गरज नाही. घशाची वाट बंद होणे ही शरीराची अडचण आहे. ती मनाचा दुबळेपणा नाही आणि साधनेतील उणीवही नाही. कारण शोधावे आणि कारणावरच उपाय करावा, हा विचार आपल्याला नवा नाही.

इतके करूनही मास्क लावताच छातीत धडधड होत असेल, रडू येत असेल, उदासी हटत नसेल तर समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

घरच्यांनी आणि सहकाऱ्यांनी काय करावे?

घोरणे म्हणजे गाढ झोप, हा समज आधी घरातून काढावा. "कुंभकर्ण" म्हणणे थांबवावे. जोडीदाराने मशीन आल्यावर खोली वेगळी करू नये. आजच्या मशीनचा आवाज घोरण्यापेक्षा कितीतरी कमी असतो. उलट जोडीदाराचीही झोप सुधारते. आमच्या मित्राच्या पत्नीने आम्हाला सांगितले, "इतकी वर्षे मी रात्री यांचा श्वास मोजत जागी असायचे. आता मी झोपते." तिची ही जागरणे आम्हाला कधी दिसलीच नव्हती.

रोज सकाळी "किती तास लावली?" अशी हजेरी घेऊ नये. काही मशीन रात्रीचे आकडे मोबाइलवर दाखवतात. त्या आकड्यांवरून परीक्षेचा निकाल लावू नये. एखादी रात्र वाया गेली, सर्दीने आठवडा गेला, तर पुन्हा सुरू करावे एवढेच.

कार्यकर्त्यांसाठी खास सूचना. शिबिर, अभ्यासवर्ग, परगावचा मुक्काम यांची व्यवस्था करताना झोपण्याच्या जागी प्लगपॉइंट आहे का, हे पाहावे. नोंदणीच्या वेळीच "झोपताना कुणाला मशीन लागते का?" असे विचारावे. मशीन लागते म्हणून कुणी मुक्कामाला यायचे टाळत असेल, तर उणीव त्या माणसात नाही, आपल्या व्यवस्थेत आहे. रात्री उशिरा संपणाऱ्या बैठकीनंतर पेंगुळलेल्या साथीला गाडी चालवू देऊ नये. या आजारावर उपचार न घेणाऱ्यांमध्ये वाहन-अपघाताचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

तपासणी आणि खर्च

दिवसाच्या पेंगेचा अंदाज घेण्यासाठी आठ प्रश्नांची 'एपवर्थ' चाचणी आहे. २४ पैकी १० पेक्षा जास्त गुण आले तर डॉक्टरांकडे जावे. झोपेची तपासणी रुग्णालयात रात्रभर राहून होते, काही जणांची घरीही करता येते. काही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत छातीरोग किंवा कान-नाक-घसा विभागात याची चौकशी करता येते.

मशीन स्वस्त नाही. दाब आपोआप कमी-जास्त करणारी मशीन साधारण तीस-चाळीस हजार रुपयांपासून पुढे मिळते. म्हणून आधी महिना-दोन महिने भाड्याने घेऊन पाहावी, कोणता मास्क जमतो ते ठरवावे, मग विकत घ्यावी. नोकरीत वैद्यकीय प्रतिपूर्ती किंवा विमा असेल तर खरेदीपूर्वीच लेखी विचारावे. जुनी मशीन घेताना ती तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावी, मास्क आणि नळी मात्र नवीच घ्यावी. २०२१ साली आतल्या फोमच्या दोषामुळे जगभरातून लाखो मशीन परत मागवल्या गेल्या होत्या. जुन्या बाजारात अशी मशीन आपल्या गळ्यात पडू नये. दाबाचा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो. दुसऱ्याची मशीन तशीच लावून झोपू नये.

मित्रांनो, आमचा तो कार्यकर्ता आज बैठकीत जागा असतो. सगळे सुरळीत झाले आहे असे नाही. अजूनही एखाद्या रात्री तो वैतागून मास्क काढतो आणि पहाटे पुन्हा लावतो. मागच्या महिन्याच्या मुक्कामी बैठकीत त्याने सगळ्यांसमोर पिशवीतून मशीन काढली, कोपऱ्यातल्या प्लगला लावली आणि म्हणाला, "कुणाला बघायची असेल तर आत्ताच बघून घ्या, मग मला झोपायचे आहे." चार-पाच जण उठून जवळ गेले. त्यातल्या एकाने हळूच विचारले, "माझे वडील रात्री श्वास थांबल्यासारखे करतात. कुठे दाखवायचे?"

तुमच्याही घरात, शेजारी, कार्यालयात असे कुणी असेल. त्याला आळशी म्हणण्याआधी एकदा विचारा, "रात्री झोप लागते का नीट?"